नागपुरात बसून कोल्हापूर–गोंदियाचा हिशेब: दोन लहान विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

कोल्हापूर ते गोंदिया विमानाने किती वेळ लागतो, असे इंटरनेटवर विचारले तर उत्तर लगेच मिळते: ८३० किलोमीटर, साधारण दीड तास. अंतर बरोबर आहे. दीड तास मात्र मोठ्या जेट विमानाच्या वेगाने काढलेला आहे, आणि तोही थेट विमान आहे असे गृहीत धरून. या दोन गावांमध्ये थेट विमान नाही, आणि असते तरी ते बहुधा एटीआर, म्हणजे पंख्यांचे लहान प्रवासी विमान, असते. अशी संकेतस्थळे दोन बिंदूंमधली सरळ रेषा मोजतात, तिला ताशी आठशेने भागतात आणि वर अर्धा तास टाकतात. मुंबई–दिल्लीला हे खपून जाते. बिरसी (गोंदिया), बेलोरा (अमरावती), उजळाईवाडी (कोल्हापूर) अशा लहान विमानतळांवर त्यावर विसंबून कोणाला तिकिटाचा किंवा चार्टरचा (पूर्ण विमान भाड्याने घेण्याचा) सल्ला दिला तर पुढे फोन घेणे जड जाते.

नागपुरात ट्रॅव्हल डेस्कवर नव्याने बसलेल्यांना, रुग्ण हलवण्यासाठी विमानाची चौकशी करणाऱ्यांना आणि ज्यांना हा हिशेब स्वतः करून पाहायचा आहे अशा सर्वांना पुढची पद्धत चालेल. साध्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचे काम आहे.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता

गावाचे नाव पुरेसे नसते, कोड घ्या. प्रत्येक विमानतळाला दोन कोड असतात: तिकिटावर दिसणारा तीन अक्षरी आणि वैमानिक व नियंत्रण कक्ष वापरतात तो चार अक्षरी. नागपूर एनएजी आणि व्हीएएनपी, गोंदिया जीडीबी आणि व्हीएजीडी, कोल्हापूर केएलएच आणि व्हीएकेपी. हवामानाचे अहवाल आणि वैमानिकांसाठीच्या सूचना चार अक्षरी कोडाखाली निघतात, त्यामुळे दोन्ही लिहून ठेवा.

नामसाधर्म्याचा घोटाळा विदर्भात नेहमीचा आहे. अमरावती म्हटले की काही संकेतस्थळे आंध्रातली अमरावती पकडतात आणि विजयवाड्याचे अंतर देतात. आपल्या अमरावतीचे विमानतळ बेलोऱ्याला, शहराच्या दक्षिणेला आहे. तिथली प्रवासी सेवा १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाली, त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये ते सापडतही नाही. गोंदियाचे विमानतळ बिरसीला, शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर. गावाच्या मध्यापासून मोजलेले अंतर आणि विमानतळापासून मोजलेले अंतर यांत एवढा फरक सहज पडतो.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश

रस्त्याचे मैल मोजायला जसा कुठे तरी दगड रोवलेला असतो, तसा प्रत्येक विमानतळाला एक अधिकृत संदर्भबिंदू असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळ. भारतीय विमानतळ प्राधिकरण जी वैमानिकी माहिती पुस्तिका प्रसिद्ध करते, तिच्यात प्रत्येक विमानतळाच्या प्रकरणात सुरुवातीलाच हा बिंदू दिलेला असतो. मिनिटापर्यंत पूर्ण करून आपल्या कामाचे आकडे असे:

कोल्हापूर: १६ अंश ४० मिनिटे उत्तर, ७४ अंश १७ मिनिटे पूर्व
गोंदिया (बिरसी): २१ अंश ३२ मिनिटे उत्तर, ८० अंश १७ मिनिटे पूर्व
अमरावती (बेलोरा): २० अंश ४९ मिनिटे उत्तर, ७७ अंश ४३ मिनिटे पूर्व
नागपूर: २१ अंश ०६ मिनिटे उत्तर, ७९ अंश ०३ मिनिटे पूर्व
मुंबई: १९ अंश ०५ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व
हैदराबाद: १७ अंश १४ मिनिटे उत्तर, ७८ अंश २६ मिनिटे पूर्व

नवखे लोक इथे दोन चुका करतात. पहिली, अंश-मिनिटे दशांश समजून टाकणे. २१ अंश ३२ मिनिटे म्हणजे २१.३२ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे, म्हणजे २१.५३३. ही चूक केली तर बिरसी जवळजवळ २४ किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि उत्तर फारसे विचित्र दिसत नसल्याने ती पकडली जात नाही. दुसरी चूक, अक्षांश आणि रेखांश उलटसुलट भरणे. ती लगेच कळते, कारण गोंदिया उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन बसते.

तिसरी पायरी: हवाई अंतर

विमानांचे अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल. याच सोयीमुळे हा हिशेब हाताने होतो. रेखांशाचे मिनिट मात्र विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे लहान होत जाते, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. महाराष्ट्रापुरते आकडे: १७ अंशाला ०.९५६, १८ ला ०.९५१, १९ ला ०.९४६, २० ला ०.९४०, २१ ला ०.९३४, २२ ला ०.९२७.

कोल्हापूर–गोंदिया करून पाहू. अक्षांशांतला फरक ४ अंश ५२ मिनिटे, म्हणजे २९२ मिनिटे, म्हणजेच २९२ सागरी मैल (पुढे नुसते मैल म्हटले तरी सागरी मैलच समजा). रेखांशांतला फरक बरोबर ६ अंश, म्हणजे ३६० मिनिटे. मधला अक्षांश १९ अंश ०६ मिनिटे, कोसाइन ०.९४५, म्हणून ३६० गुणिले ०.९४५ बरोबर ३४० मैल. आता पायथागोरस: २९२ चा वर्ग ८५,२६४, ३४० चा वर्ग १,१५,६००, बेरीज २,००,८६४, वर्गमूळ ४४८. चारशे अठ्ठेचाळीस सागरी मैल, म्हणजे ८३० किलोमीटर.

पृथ्वी गोल आहे, तिथे पायथागोरस कसा चालेल, ही शंका रास्त आहे. गोलावरचे पूर्ण सूत्र वापरले तरी या जोडीचे उत्तर ४४८ च येते. महाराष्ट्राच्या आवाक्यात ही पद्धत बिनधास्त वापरा. दिल्ली–लंडनला वापरू नका.

आता बेलोरा–बिरसी. अक्षांशांतला फरक ४३, रेखांशांतला १५४ गुणिले ०.९३३ म्हणजे १४४. उत्तर १५० सागरी मैल, २७८ किलोमीटर. ही रेषा नकाशावर ओढली तर ती थेट नागपूर शहरावरून जाते. म्हणजे असे विमान कधी सुरू झालेच, तर त्याला वाटेत नागपूरच्या नियंत्रण कक्षाच्या हद्दीतूनच जावे लागेल. देशाच्या चारी दिशांचे हवाई मार्ग इथेच एकमेकांना छेदतात, तेव्हा खालून जाणाऱ्या एटीआरला हवी ती उंची आणि सरळ वाट दर वेळी मिळेलच असे नाही.

चौथी पायरी: अंतराचा वेळ करणे

इथे घाई करू नका. पहिल्या तीन पायऱ्यांत चूक झाली तर ती किलोमीटरांची असते, इथली चूक अर्ध्या तासाची असते.

सरळ रेषेने कोणी उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग, उड्डाणानंतरचे वळण आणि उतरण्याची रांग धरून लांब पल्ल्यावर पाच टक्के आणि दोनशे मैलांच्या आत दहा टक्के वाढवा. कोल्हापूर–गोंदिया ४७० मैल होते, बेलोरा–बिरसी १६५.

मग विमान कोणते ते पाहा. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर, बिरसीची सुमारे २,३००, नागपूरची ३,२००. नागपूरला मोठी जेट विमाने उतरतात. बेलोऱ्यासारख्या ठिकाणी एटीआर ७२ हे प्रवासी सेवेचे नेहमीचे विमान. त्याचा समतल उड्डाणातला वेग २६५ ते २७५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. एअरबस ए-३२० चा ४५० नॉटच्या आसपास, ताशी ८३० किलोमीटर. पण कोणतेही विमान पूर्ण वेळ या वेगाने जात नाही. एटीआर वर चढताना १७० नॉटच्या आगेमागे असते, आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा हळू होते. शिवाय जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणे, परत येणे. या सगळ्याची ठरावीक मिनिटे अंतर कितीही असो, लागतातच.

चालणारा ठोकताळा असा: वाढवलेले अंतर भागिले वेग, अधिक एटीआरला २० मिनिटे, जेटला ३० मिनिटे. एटीआरला २६५ आणि जेटला ४४० नॉट धरा. मुंबई, हैदराबाद, दिल्लीसारखे गर्दीचे विमानतळ एका टोकाला असेल तर आणखी १० ते १५.

कोल्हापूर–गोंदिया, एटीआर: ४७० भागिले २६५ म्हणजे १ तास ४६ मिनिटे, अधिक २०, म्हणजे दोन तास सहा मिनिटे. इंटरनेटचा दीड तास इथे अर्ध्या तासाहून जास्त चुकतो.

बेलोरा–बिरसी: पल्ला इतका लहान की एटीआर धड वर जाऊन स्थिरावतही नाही, म्हणून वेग २५० धरा. १६५ भागिले २५० म्हणजे ४० मिनिटे, अधिक २०. एक तास. नुसते २७८ किलोमीटरला ताशी ५०० ने भागले असते तर ३३ मिनिटे आली असती. पल्ला जितका लहान तितका ठरावीक मिनिटांचा वाटा मोठा.

ठोकताळा बरोबर आहे का ते ज्या मार्गावर विमान खरोखर चालते त्यावर तपासावे. मुंबई–अमरावती घ्या. हिशेबाने २९३ मैल, पल्ला मधला म्हणून सात टक्के वाढवून ३१३, एटीआरला ७१ मिनिटे, अधिक २०, अधिक मुंबईचे १५. एक तास ४६ मिनिटे. ही सेवा सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात मुंबईहून येताना साधारण पावणेदोन तासच होते.

हा जो वेळ आला त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. तिकिटावर हाच असतो. हवेतला वेळ त्याहून दहा-पंधरा मिनिटे कमी. दोघे जण वेगवेगळा आकडा सांगून भांडत असतील तर बहुतेक एक जण हवेतला सांगत असतो आणि दुसरा ब्लॉकचा.

पाचवी पायरी: वारा आणि धावपट्टीची दिशा

हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या हवेत पश्चिमेचे वारे असतात. गोंदियाकडे जाताना ते पाठीशी, कोल्हापूरकडे येताना तोंडावर. एटीआरच्या उंचीवर वाऱ्याचा उपयोगी भाग २५ नॉट धरला तर जाताना जमिनीवरचा वेग २९०, येताना २४०. ४७० मैलांना ९७ मिनिटे विरुद्ध ११७. एकाच मार्गावर वीस मिनिटांचा फरक. म्हणून एका दिशेचा वेळ दुप्पट करून परतीची वेळ कधी सांगू नये.

धावपट्टीचे आकडेही उपयोगाचे आहेत. कोल्हापूरची धावपट्टी ०७ आणि २५, गोंदियाची ०४ आणि २२. या आकड्यापुढे शून्य लावले की अंशांत दिशा मिळते. कोल्हापूरहून गोंदियाची दिशा साधारण ४९ अंश, म्हणजे ईशान्य. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, उड्डाण २५ वरून. विमान आधी उलट्या दिशेला उठते आणि मग वळते. गोंदियालाही पश्चिमेचा वारा असेल तर उतरणे २२ वर, म्हणजे विमानतळ ओलांडून पुढे जायचे आणि माघारी यायचे. दोन्ही टोकांचे मिळून सात-आठ मिनिटे सहज जातात. वारा ईशान्येचा असेल तर दोन्हीकडे सरळ.

सहावी पायरी: ऊन, धुके आणि अंधार

वेळापत्रक बिघडते ते बहुधा याच तीन गोष्टींनी.

ऊन आधी. नागपूरची समुद्रसपाटीपासून उंची १,०३३ फूट. प्रमाण वातावरणात एवढ्या उंचीवर १३ अंश तापमान धरतात. मे महिन्यात ४५ असेल तर ३२ अंश जास्त, आणि प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने हवा जवळजवळ ४,९०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धाव लांब. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, लांब धावपट्टीवर ते निभावते. लहान धावपट्टीवर वजन कमी करावे लागते: काही जागा रिकाम्या किंवा काही सामान मागे. लग्नसराईत जड सामान घेऊन दुपारच्या एटीआरने जाणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा.

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. हिवाळ्यात सकाळी धुके धरते. साधनांशिवाय, डोळ्यांनी पाहून उतरायचे असेल तर पाच किलोमीटर दृश्यता लागते. नागपूरचा हवामान अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो, पण तो बघून बिरसीचा अंदाज बांधू नका. इथे लख्ख ऊन असताना तिथे धुके असू शकते. उतरता आले नाही तर सर्वांत जवळचे मोठे विमानतळ नागपूर, ७४ मैल. रायपूर त्याहून किंचित दूर, ८४ मैल. विमान नागपूरला वळले तर पुढचा दीडशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता किंवा १३० किलोमीटरची रेल्वे धरायची तयारी हवी.

रात्री उतरण्याची सोय दोन्ही टोकांना आहे का, हे वेगळे तपासा. नसेल तर सूर्यास्त हीच मर्यादा, आणि सूर्यास्त उतरण्याच्या ठिकाणचा धरायचा. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणून गोंदियात सूर्य कोल्हापूरपेक्षा २४ मिनिटे आधी मावळतो. त्यात ऋतूचा फरक मिसळला की डिसेंबरात हे अंतर अर्ध्या तासाच्या वर जाते आणि जूनमध्ये पाव तासाच्या आसपास राहते. कोल्हापुरात उजेड दिसतोय म्हणून निघालेले विमान डिसेंबरात इथेच अडकते.

विमानतळ कधी उघडे असते तेही पाहा. लहान विमानतळांचे नियंत्रण कक्ष दिवसभर चालू नसतात. त्यांच्या वेळा आणि वैमानिकांसाठीच्या सूचना, ज्यांना नोटॅम म्हणतात, जागतिक वेळेत असतात. साडेपाच तास मिळवायला विसरू नका: ००३० ते १२३० म्हणजे आपले सकाळी ६ ते संध्याकाळी ६. साडेबारानंतर बंद असे वाचून चांगले गिऱ्हाईक परत पाठवू नका.

सातवी पायरी: प्रत्यक्ष प्रवास

थेट विमान नसेल तर अंतर टप्प्याटप्प्याने काढा. गोंदिया–हैदराबाद २७८ मैल, हैदराबाद–कोल्हापूर २४१ मैल, एकूण ५१९ मैल, म्हणजे ९६० किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा १६ टक्केच जास्त. वेळ मात्र दोन ब्लॉक टाइम मिळून तीन तासांच्या वर, त्यात हैदराबादची ताटकळ. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तरच हे सुचवा. वेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

सेवा चालू आहे का ते त्याच आठवड्यात तपासा. गोंदियाला १३ मार्च २०२२ ला इंदूर आणि हैदराबादची सेवा सुरू झाली, पुढे ती बंद पडली, मग १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीचे विमान आले. उडान योजनेतल्या मार्गांचे असेच चालते. वेळापत्रकही वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. आठवड्यातून तीनच दिवस चालणारे विमान चुकले तर पुढचे उद्या नसते.

दारापासून दारापर्यंतचा वेळ वेगळा मांडा. बेलोरा–बिरसीचे तासभराचे विमान उद्या सुरू झाले असे समजा. आधी पोहोचण्याचा दीड तास, दोन्हीकडे गावापासून विमानतळापर्यंतचा अर्धा-अर्धा तास: साडेतीन तास. बडनेरा–नागपूर–गोंदिया रेल्वेने ३०४ किलोमीटर, पाच-सहा तास, आणि भाडे त्या मानाने काहीच नाही. इथे रेल्वेच सुचवावी. कोल्हापूर–गोंदियाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र एक्सप्रेस हा प्रवास तेराशेहून अधिक किलोमीटर फिरून करते आणि चोवीस तासांच्या वर घेते. तिथे हैदराबादमार्गे विमान चालू असेल तर ते महाग असले तरी दिवस वाचवते.

चार्टरची चौकशी असेल तर

चार्टरचे किंवा रुग्णविमानाचे बिल तासावर असते, आणि विमान जिथून निघते तिथपर्यंत परत पोहोचेपर्यंतचे तास धरले जातात. विमान नागपूरचे आहे आणि रुग्ण गोंदियाहून कोल्हापूरला न्यायचा आहे असे धरा. नागपूर–गोंदिया रिकामे ७४ मैल, गोंदिया–कोल्हापूर ४४८, कोल्हापूर–नागपूर परत रिकामे ३७९. एकूण ९०१ मैल, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त रिकामे. २६५ नॉटच्या दोन इंजिनी टर्बोप्रॉपला (पंख्यांच्या विमानाला), पाच टक्के वाढवून आणि तीन उड्डाणांची ठरावीक मिनिटे धरून, साडेचार तासांच्या आसपास. नातेवाइकांना दोन तासांचा खर्च सांगितला असेल तर त्यांना दुप्पट रकमेचा कागद हातात येतो.

म्हणून दर विचारताना चार गोष्टी लेखी घ्या: विमानाचा तळ कोणता, दर ब्लॉक तासाला की हवेतल्या तासाला, उतरण्याचे आणि थांबण्याचे शुल्क धरले आहे का, आणि परतीला सूर्यास्त झाला तर वैमानिकांच्या मुक्कामाचा खर्च कोणाकडे.